आपद्‌ग्रस्त नौकेची खूण

समुद्रात संकट ओढवताच नाविक रेडिओयंत्रावरील तांबडे बटण काही सेकंद दाबून धरतो, तत्क्षणी १५६.५२५ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर अंकबद्ध संदेश निघतो. त्यात नौकेचा नऊ अंकी क्रमांक (भारतीय नौकांचा ४१९ ने आरंभ होतो) व तिचे अक्षांश-रेखांश असतात. आसपासच्या नौकांवर इशारा वाजतो. तेथील रेडिओ नकाशादर्शक यंत्रास जोडलेला असल्यास पडद्यावर संकटस्थानाची खूण उमटते. मात्र मूळ संदेशात स्थान पूर्ण कलांपर्यंतच सांगितले जाते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षांशात तो सुमारे १,८५२ मीटर भरतो. एवढ्या खवळलेल्या पाण्यात माणसाचे डोके शोधणे सोपे नव्हे! म्हणून पुढे कलांच्या अपूर्णांकांची पुरवणी जोडण्याची सोय झाली. परंतु उपग्रहांवरून स्थान ठरविणारे यंत्र रेडिओला जोडलेलेच नसेल आणि नाविकानेही स्थान भरलेले नसेल, तर हाक पोहोचते. खूण मात्र उमटत नाही.