लाकडाचा लगदा विरघळवणारे यंत्र

सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधलेल्या असतात. लायोसेल धाग्यासाठी तो एनएमएमओ या द्रावकात विरघळवतात. पण दाट द्रावकात सेल्युलोजचा लगदा थेट टाकला, तर पिठल्यातल्या गुठळीसारखा बाहेरून फुगतो आणि आत कोरडाच राहतो.

यावरचा उपाय फारच देखणा आहे. आधी जादा पाणी ठेवायचे. त्यामुळे द्रावक तंतूंत सर्वत्र मुरतो, पण विरघळवत नाही. मग निर्वातात पाणी उडवले की विरघळणे सुरू होते! शेवटी सुमारे 14 टक्के सेल्युलोज, 10 टक्के पाणी आणि बाकी द्रावक उरतो.

हे काम पातळ थराच्या बाष्पकात होते. उभ्या, तापवलेल्या नळकांड्यात फिरणारी पाती मिश्रण भिंतीवर पसरवतात आणि तिरकी पाती तो चिकट ऐवज खाली ढकलतात. वेग, निर्वात, तापमान आणि आवक जुळवता येणे हीच या रचनेची खरी ताकद. मिश्रण आत रेंगाळून फार तापले, तर द्रावक विघटित होऊन स्फोटाचा धोका असतो. लोह-तांब्याचे अंशही विघटनाला वेग देतात. म्हणून विघटन रोखणारे प्रोपिल गॅलेट मिसळतात.

1992 मध्ये अमेरिकेतील मोबील शहरात कोर्टोल्ड्स कंपनीने याच द्रावकावर टेन्सेल या लायोसेल धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले.