फायरफॉक्सच्या माजघरात

फायरफॉक्समध्ये एकेक टॅब बंद करत गेलात की शेवटच्या टॅबबरोबर अख्खी खिडकीच मिटते. दिवसाचे काम आटोपले असेल तर ठीक. पण पसारा आवरून नव्याने सुरुवात करायची असते, तेव्हा ब्राउझर पुन्हा उघडत बसावे लागते. सेटिंग्जची सगळी पाने धुंडाळली तरी ही खोड बंद करायचे बटण मिळत नाही. सोय मात्र आहे. ती दर्शनी भागात नाही, माजघरात आहे.

पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘अबाउट’, मग कोलन आणि लगेच ‘कॉन्फिग’ असे लिहून एन्टर दाबा. आधी सावधगिरीची सूचना येते. जोखीम मान्य केली की शोधपेटी दिसते. तिच्यात ‘लास्टटॅब’ हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाका. शेवटच्या टॅबबरोबर खिडकी बंद करणारी ओळ समोर येईल आणि तिच्यापुढे ‘ट्रू’ असे असेल. उजवीकडचे बाणांचे बटण दाबले की त्याचे ‘फॉल्स’ होते. यापुढे शेवटचा टॅब मिटलात तर त्या जागी कोरा टॅब येईल, खिडकी उघडीच राहील.

ती सूचना वाचून पुष्कळजण माघारी फिरतात. इतके घाबरायचे कारण नाही. इथे केलेल्या बदलाने मूळ प्रोग्रॅमला धक्का लागत नाही. मूळ किमती वेगळ्या राहतात आणि तुम्ही बदललेल्या नोंदी तुमच्या प्रोफाइल फोल्डरमधल्या ‘प्रेफ्स.जेएस’ या फाइलीत जातात. बदललेली ओळ ठळक अक्षरांत दिसते, शेजारी परतीचा बाण असतो. तो दाबला की सगळे पूर्ववत. खरी जोखीम आहे ती अर्थ न समजता पाच-सहा ओळी एकदम बदलण्यात, कारण मग बिघाड कशाने झाला ते कळत नाही. एका वेळी एकच ओळ बदला आणि तिचे नाव वहीत टिपून ठेवा. नव्या आवृत्तीत एखादा छुपा पर्याय नाहीसाही होऊ शकतो. क्रोममधले असे छुपे पर्याय, म्हणजे ‘फ्लॅग्ज’, तर मुळात प्रयोगच असतात, त्यांचा भरवसा आणखी कमी.

पान उघडताच आवाज करत सुरू होणारे व्हिडिओ हा असाच एक जाच होता. क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये त्यांना आपणहून आवर घातला. फायरफॉक्समध्ये त्याचा पर्याय आता नेहमीच्या सेटिंग्जमध्येही मिळतो. लोकांना सतत खुपणाऱ्या गोष्टीची कळ दर्शनी भागातच असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पण खुपणारी प्रत्येक गोष्ट बंद करण्याजोगी नसते. व्हिडिओ पडदाभर केला की वर काही क्षण एक पट्टी येते: अमुक संकेतस्थळाने पूर्ण पडदा व्यापला आहे, बाहेर पडायला एस्केप दाबा. फायरफॉक्समध्ये तिचा अवधी माजघरातल्याच ‘वॉर्निंग.टाइमआउट’ असा शेवट असलेल्या ओळीत मिलिसेकंदांत दिलेला असतो. मूळ आकडा ३०००, म्हणजे तीन सेकंद. तिथे शून्य घातले की पट्टी दिसतच नाही, आणि असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पूर्ण पडदा मिळालेले लबाड पान पत्त्याच्या पट्टीसकट बँकेचे अख्खे खोटे चित्र उभे करू शकते, किंवा पोलिसांच्या नावाने दंड मागू शकते. खरा पत्ता त्या वेळी झाकलेला असतो. आपण कोणाच्या पानावर आहोत हे ती पट्टीच सांगते. तीन सेकंद फारच वाटत असतील तर आकडा २००० करा, शून्य नको.