जाखडी, पंक आणि अस्सलपणाचं भांडण

गणपतीत आमच्या वाडीत जाखडी नाचाचा, म्हणजे शक्ती-तुऱ्याचा, सामना रंगला. शाहिरांनी सिनेमाची चाल उचलली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ही कसली जाखडी?"

पंक संगीत ऐकणाऱ्याला अस्सलपणाचं हे भांडण नवं नाही. 1977 च्या जानेवारीत लंडनच्या 'द क्लॅश' या पंक बँडने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला, आणि 'स्निफिन ग्लू' हे घरगुती मासिक काढणाऱ्या मार्क पेरीने पंक मेल्याचं जाहीर केलं! तीन कॉर्ड येत असतील तर बँड काढा, असं म्हणणारी ही पंकवाली मंडळी.

जाखडीत मधे शाहीर, ढोलकी, टाळ. भोवती घुंगरू बांधलेल्यांचा फेर. शक्तीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. सवाल-जवाबात समोरच्याला निरुत्तर करायचं.

मला उसनी चाल खुपत नाही. जवाब पाठ करून आणलेला वाटला, की मात्र मी चहाला उठतो.

तुमच्या मंडळात काय चालतं?