विश्लेषण : सोर्स कोडमधून वेब सर्व्हर उभारला, पण सुरक्षेची जबाबदारी कोणाची?

संकेतस्थळ चालवण्यासाठी वापरले जाणारे ‘अपाची’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही सर्वांसाठी खुला आहे. तो उतरवून स्वतःचा सर्व्हर उभारणे फारसे अवघड नाही. मात्र त्यानंतर त्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न ऑक्टोबर २०२१ मध्ये अनेकांपुढे अचानक उभा राहिला.

सोर्स कोडमधून म्हणजे नेमके कसे?

ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर पलीकडच्या संगणकावरील जो प्रोग्रॅम पान शोधून पाठवतो, तो वेब सर्व्हर. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूल यांनी असा एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते तेथून बाहेर पडल्यावर त्याचे काम थंडावले. तो वापरणाऱ्यांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि त्यातून १९९५ मध्ये अपाची आला.

लिनक्सवर तो दोन प्रकारे बसवता येतो. उबुंटू, रेड हॅट यांसारखी वितरणे तयार पॅकेज देतात. एका आज्ञेत काम होते. दुसरा मार्ग म्हणजे सी भाषेतील मूळ कोड आणून आपल्याच यंत्रावर ‘कम्पाइल’ करणे. पिठाची पिशवी विकत घेण्याऐवजी गहू निवडून दळून आणावा, तसे. यात नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच मिळते आणि नको असलेली मॉड्यूल्स वगळता येतात.

प्रत्यक्षात काय करावे लागते?

कोडची संकुचित फाइल उतरवायची आणि तिची डिजिटल स्वाक्षरी तपासायची. घाईत हीच पायरी गाळली जाते. त्यानंतर ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा. पहिली आज्ञा यंत्रावर काय आहे, काय नाही ते पाहते आणि नवशिक्यांची गाडी बहुधा इथेच अडते. कारण अपाचीला ‘एपीआर’ आणि ‘पीसीआरई’ ही लायब्ररी लागतात, ‘एचटीटीपीएस’ हवे असेल तर ‘ओपनएसएसएल’ही. ती नुसती असून भागत नाही, त्यांच्या हेडर फाइल्सही लागतात; त्या बहुतेक वितरणांत वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. सारे जुळले, सर्व्हर सुरू केला आणि ब्राउझरमध्ये ‘इट वर्क्स’ ही दोन शब्दांची ओळ उमटली, की जमले.

ते पान जगाला दिसते का?

लगेच नाही. डोमेनच्या डीएनएस नोंदीत सर्व्हरचा आयपी पत्ता द्यावा लागतो, फायरवॉलमध्ये ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडावे लागतात. घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर ठेवणाऱ्यांची आणखी एक पंचाईत असते. अनेक कंपन्या असंख्य ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून बहुतेक जण भाड्याचा क्लाउड सर्व्हर घेतात. ‘एचटीटीपीएस’चे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून फुकट मिळते, पण त्याची मुदत मोजकीच असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी लागते.

२०२१ मध्ये काय घडले?

त्या सप्टेंबरमध्ये अपाचीची २.४.४९ ही आवृत्ती आली. तिने काही जुन्या सुरक्षा त्रुटी बुजवल्या होत्या, त्यामुळे दक्ष मंडळींनी ती लगोलग बसवली. पण तिच्यातच नवे भोक होते. पत्त्यातील टिंब विशिष्ट सांकेतिक रूपात लिहिले, की सर्व्हर संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेरच्या फाइलही देऊ शकत असे. ‘सीजीआय’ सुरू असेल, तर परक्याला यंत्रावर आज्ञाही चालवता येत. मूळ कॉन्फिगरेशनमधील ‘सर्वांना मनाई’ ही ओळ जागेवर होती तिथे धोका टळला. ज्यांनी ती काढली किंवा सैल केली, ते उघडे पडले. ४ ऑक्टोबरला २.४.५० आली, पण ती दुरुस्ती अपुरी निघाली. ७ ऑक्टोबरला २.४.५१ काढावी लागली.

गंमत अशी, की उबुंटू २०.०४ मध्ये अपाची २.४.४१ आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये २.४.३७ होती. या जुन्या आवृत्त्यांत हे भोक नव्हतेच. जुन्या त्रुटींचे काय? वितरणे आवृत्ती न बदलता नेमकी तेवढीच दुरुस्ती मागच्या आवृत्तीत घालतात. याचा अर्थ जुने तेच सुरक्षित असा नाही. पॅकेज वापरणाऱ्यांमागे रोज त्रुटींवर नजर ठेवणारी माणसे होती, एवढेच. स्वतः कम्पाइल करणाऱ्याला ४ तारखेला एकदा आणि ७ तारखेला पुन्हा, सारे स्वतःच करणे भाग होते. आणि ही बातमी त्याच्या कानावर आली असेल तर.

मग या वाटेला जाऊच नये का?

शिकण्यासाठी जरूर जावे. सर्व्हर आतून कसा चालतो हे याहून चांगले कुठे कळणार! खास मॉड्यूल हवे असेल तर कधी पर्यायही नसतो. मात्र ‘ॲप्ट’ किंवा ‘डीएनएफ’ने यंत्र अद्ययावत केले, तरी हाताने बसवलेल्या अपाचीला त्याचा स्पर्शही होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अपाचीच्या सुरक्षा सूचना ईमेलने मिळतात, त्यासाठी नाव नोंदवता येते. शिवाय ‘कॉन्फिगर’ करताना दिलेले सारे पर्याय ‘कॉन्फिग डॉट नाइस’ या फाइलमध्ये साठवले जातात. ती जपून ठेवली, तर नवी आवृत्ती त्याच पर्यायांसह पुन्हा बांधता येते. कोड उतरवलेला फोल्डर काम झाल्यावर पुसून टाकला, तरी तिची प्रत बसवलेल्या सर्व्हरच्या ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये मिळते; हे ठाऊक नसलेले मात्र वर्षभराने कोणती मॉड्यूल्स घेतली होती ते आठवत बसतात.