बावीस साड्यांचा हिशेब

गतसाली आमच्या धाकट्या कन्येचा विवाह निश्चित झाला आणि प्रथेप्रमाणे बस्त्याची यादी करण्यास घरची मंडळी बसली. मानपानाच्या बावीस रेशमी साड्या यादीत आल्या. तोवर मुकाट बसलेली कन्या म्हणाली, “अप्पा, जोंधळा निवडताना किडा सापडला तर आई तो कागदावर घेऊन परसात सोडते. या बावीस साड्यांत किती किडे मेले असतील, त्याचा हिशेब तुम्ही मांडाल का?”

हिशेब मांडण्यात आमची हयात गेली; नाही म्हणण्याची सोय नव्हती. चौकशी करता समजले ते असे. रेशमाचा किडा स्वतःभोवती जो कोश करतो, तो एका अखंड धाग्याचा असतो. पतंग होऊन तो बाहेर पडला तर धागा तुटतो. म्हणून त्यापूर्वीच कोशास वाफ अगर उष्ण हवा देऊन आतील जीव मारतात व मग गरम पाण्यात धागा उलगडतात. एक किलो रेशीम उतरण्यास सहा ते आठ किलो कोश लागतात आणि एक कोश भरतो दीड-दोन ग्रॅम. आम्ही किलोस चार हजार जीव धरले. साडीस अर्धा किलो रेशीम धरता बावीस साड्यांचे चव्वेचाळीस हजार झाले. आकडा वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिला आणि पान उलटले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या वखारीतही साठ्यास धुरी द्यावी लागते व तीत सोंडकिडे मरतात. तेव्हा रेशमाच्या व्यापाऱ्यांस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु धान्य पोटास लागते. मानपानास रेशीमच लागते असे कोठे आहे, हा कन्येचा प्रश्न आम्हांस खोडता आला नाही.

मग ‘अहिंसा रेशीम’ पाहण्यास निघालो. हैदराबादचे श्री. कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोशांपासून वस्त्र विणण्याची रीत बसविली व २००६ मध्ये तिचे पेटंट मिळविले. हे सूत कापसाप्रमाणे कातावे लागते. उतारा कमी, मेहनत अधिक, म्हणून भाव चढा. पोत किंचित भरड, झळाळी मंद. एका दुकानात अत्यंत झगझगीत साडी ‘अहिंसा’ म्हणून पुढे आली, तेव्हा हे ज्ञान उपयोगी पडले. तुटक्या धाग्यास ती झळाळी येत नाही. तथापि मंद झळाळी हाही पुरावा नव्हे. गिरणीत रेशमाच्या टाकाऊ भागापासूनही तसेच सूत काढतात. आसामकडील एरी रेशमाचा कोश एका टोकास उघडा असतो, पतंग सुखाने बाहेर जाऊ शकतो. परंतु तिकडे आतील किडा खाण्याचीही चाल आहे. म्हणून नाव ऐकून भागत नाही. कोश रिकामा कसा झाला, हे विचारावे लागते.

दुकानदार ‘सिल्क मार्क’ची चिठ्ठी दाखवितात. २००४ पासून चालू असलेली ही खूण रेशीम अस्सल असल्याची ग्वाही देते, जीव वाचल्याची नव्हे. खादी म्हटली तरी तेच. हाताने कातलेले व विणलेले रेशीमही खादीतच मोडते. आपल्या व्यापारी बंधूंस नमुना पारखण्याची सवय आहे, तीच येथे चालवावी.

शेवटी मानपानास सुती इरकली घेतल्या. इरकलीचा पदर परंपरेने रेशमाचा. तो सुती घालण्यास विणकरास आगाऊ सांगावे लागले. मातोश्रींची जुनी पैठणी कन्येने लग्नात नेसावी की नाही, यावर घरात दोन रात्री वाद चालला. कन्येचे म्हणणे, ती नेसल्याने नवा जीव मरत नाही आणि पेटीत ठेवल्याने मेलेले परत येत नाहीत. आमच्या थोरल्या भगिनींचे म्हणणे, मग तुझ्या अंगावर रेशीम आणि आमच्या अंगावर सूत, हा न्याय कोणता? यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. कन्या पैठणी नेसली. भगिनींनी इरकल घेतली खरी, परंतु तिची घडी अद्याप मोडलेली नाही.