पलसाण्याचे रीळ

पलसाणा म्हटले की आमच्या बडोदेकर जुन्या मंडळींना नवसारी प्रांतातील वहिवाटदाराची कचेरी आठवते. आज तेथे महामार्गावर मालमोटारींची रीघ असते आणि कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचा दर्प दूरवर येतो. संस्थान १९४९ साली विलीन झाले. पण त्या कचेरीतील एका अव्वल कारकुनाचे कुटुंब तेथेच राहिले. त्या घरच्या काकूंचा गेल्या पावसाळ्यानंतर मला निरोप आला, "माळ्यावर गाण्याचे एक रीळ सापडले आहे. घेऊन जा, नाहीतर पोरे रद्दीत घालतील."

रिळांचा हा नाद मला तीस वर्षांचा. गळा नाही, कान तेवढा आहे. खाजगी बैठकांत कोणीतरी हौसेने भरून ठेवलेल्या फिती जमवायच्या, साफसूफ करायच्या आणि चार रसिकांना ऐकवायच्या, एवढाच हा उद्योग. घरची मंडळी त्याला भंगार म्हणतात. वजनाच्या दृष्टीने ते खोटेही नाही.

पण या भंगारात जे आहे ते तबकडीत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली 'व्हॉएजर' यानातून अवकाशात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. बडोद्याचे दरबारगायक फैयाजखाँसाहेब ५ नोव्हेंबर १९५० रोजी आपल्याच शहरात वारले. त्यांचा पल्लेदार आलाप त्या एवढ्याशा वेळात कसा मावावा? भास्करबुवा बखल्यांचे तर काहीच उरले नाही. बुवांचा जन्म संस्थानातल्याच कठोर गावचा. १९२२ साली ते गेले आणि आज आपण फक्त शिष्यांच्या गाण्यावरून त्यांच्या गाण्याचा अदमास बांधतो. म्हणूनच खोकल्यांसकट, कपबश्यांसकट भरलेले तासाभराचे गाणे मला हवे असते.

काकूंनी डबा उघडला तो शिरक्याचा वास आला. जुन्या ॲसिटेटच्या फिती सडू लागल्या की हाच वास येतो, आणि त्यांना ऊब देऊन सुधारू पाहणे म्हणजे त्यांचा घात करणे होय. बाराशे फुटांचे सात इंची रीळ. सेकंदाला पावणेचार इंच या गतीने एका बाजूला चौसष्ट मिनिटे. काकूंच्या दिरांनी १९६७ साली घरच्या मुंजीत उसन्या ग्रुंडिगवर ते भरले होते. गाणाऱ्या बाई बडोद्याच्या. त्यांची एकही तबकडी निघाली नाही, आणि त्यांच्या गाण्याची दुसरी फीत मी आजवर पाहिलेली नाही.

घरी येऊन हातानेच रीळ सावकाश उलगडले, वाळलेले जोड नवे केले आणि यंत्रावर चढवले. बाई पांढरी सहात गात होत्या! त्यांचा स्वर काळी चार, हे बडोद्यात त्यांना ऐकलेला कोणीही सांगेल. अर्धा स्वर चढलेला. म्हणजे त्या दिवशी उसने यंत्र मंद चालले असणार.

येथे मला माझी जुनी चूक सांगितली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी अशाच एका फितीच्या वीस प्रती मी उत्साहाने वाटल्या होत्या. खरखर इतकी पुसली की तिच्याबरोबर तंबोराही गेला. गतीकडे तर पाहिलेच नाही. त्या गायिकेच्या वृद्ध शिष्येने प्रत ऐकली आणि एवढेच म्हटले, "आमच्या बाई अशा चिरक्या गात नव्हत्या." वीसपैकी सात प्रती मला परत मिळवता आल्या. बाकीच्या कोठे कोठे फिरत आहेत कोण जाणे.

या वेळी म्हणून मी फितीतली घरघर ऐकली. विजेची घरघर आपल्याकडे सेकंदाला पन्नास कंपनांची असते. माझ्या यंत्राची पन्नासच होती. तिच्याखाली दुसरी एक अंधुक घरघर होती, ती फितीत मुरलेली. संगणकावर मोजली तर त्रेपन्न. पन्नासाची त्रेपन्न म्हणजे बरोबर अर्धा स्वर! (हा पुरावा अगदी निर्विवाद नव्हे; गावची वीजच त्या दिवशी मंदावली असेल तर हिशेब चुकतो. पण बाईंची काळी चार साक्षीला होती.) गती तेवढी उतरवली आणि आवाजाला एकदम वय आले, वजन आले. मग त्या पन्नासाच्या घरघरीपुरती बारीक कात्री लावली. खरखर बरीचशी राहू दिली, कारण तंबोऱ्याची जवार तिच्यातच असते.

तयार प्रत घेऊन पलसाण्याला गेलो. विलंबित ख्यालाच्या अंतऱ्यात, बाई वरच्या षड्जावरून मींडेने खाली येत असताना, एक तरुण बाई मुलावर डाफरते, "अरे, गप की जरा, मेल्या!" ते ऐकताच काकूंनी पदर तोंडाला लावला.

"हे तेवढे काढून टाका हो. बाईंनी तेव्हाच माझ्याकडे बघितले होते. पन्नासाहून अधिक वर्षे झाली, अजून लाज वाटते."

वाक्य तीन सेकंदांचे. पण त्याच्या पोटातच ती मींड. काढता येत नाही, दाबता येते, असे मी सांगितले. काकू म्हणाल्या, "मग दाबा." घर त्यांचे, रीळ त्यांचे, मी काय बोलणार? मूळ नक्कल जशीच्या तशी ठेवून त्यांच्यासाठी दुसरी प्रत केली आणि पाठवली.

आठवड्याने फोन आला. "अहो, बाई षड्जावरून उतरतात तिथे काय केलेत? खड्डा पडल्यासारखे वाटते."

"काकू, तेथेच तुमचे बोलणे होते."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "घाला परत. ओरडू दे मला."

बाईंच्या कन्या पुण्यास असतात. वाटण्याआधी त्यांना विचारले पाहिजे, हे वीस प्रतींनी मला शिकवले आहे. त्यांच्याकडे प्रत रवाना केली आहे, मुलावर डाफरणाऱ्या काकूंसकट. उत्तर यायचे आहे.