खडा, बोंड आणि तारेचा फास
लेखमाला : धरून ठेवणाऱ्या वस्तू – भाग ९

जून तोंडावर आला की आमच्या गल्लीत भाजीच्या गाड्यांवर निळं प्लास्टिक चढायला लागतं. त्या प्लास्टिकला भोकं नसतात, आणि पाडायचीही नसतात. भोक पाडून दोरी ओवली तर पहिल्याच वावटळीत ते कडेपर्यंत फाटत जातं, हे गाडीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तो कोपऱ्यापासून वीतभर आत एक खडा ठेवतो, प्लास्टिक त्याच्याभोवती गोळा करतो आणि खड्याच्या खाली सुतळीचा फास आवळतो. आता वाऱ्याने कितीही ओढलं तरी खडा काही त्या फासातून बाहेर येत नाही, आणि फास प्लास्टिकला कुठेही छेदत नाही.

आजची वस्तू म्हणजे हाच खडा आणि हाच फास. फक्त सगळं दोन बोटांच्या चिमटीत मावणारं, आणि फासाच्या जागी वाकवलेली तार. युरोप-अमेरिकेतल्या बायकांचे मांडीपर्यंतचे लांब मोजे जवळजवळ शंभर वर्षं या चापावर लटकत होते. पुरुषांच्या पोटरीवरही तो होता, शाळकरी मुलांच्या अंगातल्या बंडीलाही होता. आपल्याकडे उकाड्याने आणि साडी-धोतराने त्याची फारशी गरज पडू दिली नाही, म्हणून मराठीत त्याला धड नाव नाही. इंग्लंडमध्ये त्या पट्ट्यांना सस्पेंडर म्हणतात, अमेरिकेत गार्टर. आणि अमेरिकेत सस्पेंडर म्हटलं तर पँटचे गॅलिस समोर येतात. या गोंधळात न पडता आपण त्याला नुसता चाप म्हणू.

गेल्या आठवड्यात टिचबटण पाहिलं. टिचबटणाला कापडात भोक लागतं, बटणाला काज लागतं, हुकाला आकडी शिवून घ्यावी लागते. मोज्यात यांतलं काहीच चालत नाही. मोजा विणलेला असतो, म्हणजे एकच धागा एका टाक्यातून दुसऱ्या टाक्यात अडकत गेलेला असतो. एक टाका तुटला की त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्या खालचा, आणि पोटरीपर्यंत उभी रेघ उसवत जाते. इंग्रज बायका याला मोज्याला ‘शिडी’ पडली असं म्हणत. म्हणजे पकडायचं आहे, पण टोचायचं नाही, दातही रोवायचे नाहीत, आणि पकड तर दिवसभर, चालता-बसता टिकली पाहिजे. या कोड्याची उत्तरं काढण्यात बऱ्याच लोकांनी बरीच वर्षं घालवली.

आधी शेकडो वर्षं उत्तर एकच होतं : पायाभोवती बंद बांधायचा. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४८च्या सुमारास सरदारांचा जो मानाचा संघ काढला त्याचं नावच ऑर्डर ऑफ द गार्टर, आणि त्याचं चिन्ह म्हणजे गुडघ्याखाली बांधायचा निळा पट्टा. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये मालव्होलिओची फजिती होते तीही पिवळे मोजे आणि त्यांवर आडवेतिडवे बांधलेले बंद घालून आल्यामुळे. बंदाची अडचण अशी की तो सैल बांधला तर मोजा घसरतो आणि घट्ट बांधला तर पाय सुजतो. पाय वर जाडा, खाली बारीक. मोज्याला खाली यायला निसर्गानेच उतार करून दिलाय. लंडनच्या थॉमस हॅनकॉकने १८२० साली रबराचे ताणणारे पट्टे हातमोज्यांना, पायमोज्यांना वगैरे जोडण्याचं पेटंट घेतलं, पण तेव्हाचं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर व्हायचं. ते सुधारलं १८४०च्या दशकात, गंधकाबरोबर तापवण्याची रीत अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने आणि इंग्लंडमध्ये हॅनकॉकनेच पेटंट केली तेव्हा. रबर भरवशाचं झालं तरी पायाला आवळणं काही थांबलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉक्टर आणि पोशाख-सुधारणावाले दोघेही या आवळण्यावर तुटून पडले : रक्त अडतं, शिरा फुगतात.

मग कुणीतरी प्रश्नच फिरवला. मोजा पायाला बांधायचाच कशाला? तो कमरेवरून टांगला तर? पट्टा वर कमरेला, तिथून रबरी फीत खाली, आणि फितीच्या टोकाला मोजा धरणारं काहीतरी. १९००च्या सुमाराला समोरून सरळ, लांब कॉर्सेट आलं तेव्हा या फिती थेट त्याच्याच खालच्या कडेला शिवल्या जाऊ लागल्या, आणि एक गंमत झाली. फिती मोज्याला वर ओढत होत्या, तसंच मोजा कॉर्सेटला खाली ओढून धरत होता. कॉर्सेट वर सरकू नये ही शिंप्यांची जुनी डोकेदुखी होती, ती परस्पर मिटली.

(मार्क ट्वेनने या चापाचा शोध लावला असं अधूनमधून वाचायला मिळतं. सॅम्युअल क्लेमन्स या खऱ्या नावाने त्याने १८७१ साली पेटंट घेतलं हे खरं, पण ते कपडे कमरेत घट्ट करण्याच्या, बटणं लावून जोडता-काढता येणाऱ्या पट्ट्याचं. मोजा धरणाऱ्या चापाशी त्याचा संबंध नाही.)

आता चाप हातात घेऊ. माझ्यासमोर जुन्या बाजारातून आणलेला एक आहे. वर आडवी खाच, तिच्यातून फीत ओवलेली. खाचेला लागून खाली तारेचा फास, साधारण पेअरच्या फळाच्या आकाराचा : एका अंगाला रुंद, एका अंगाला निमुळता. आणि त्याच्या मागे एक छोटी जीभ, तिच्या टोकाला गोल बोंड. जीभ मोज्याच्या आतून, कातडीच्या बाजूने सरकवायची. बोंडावर मोज्याचा कापडी थर येतो. मग बाहेरून फास त्याच्यावर आणायचा, कापडासकट बोंड रुंद भागातून दाबून बाहेर काढायचं आणि निमुळत्या गळ्यात सरकवायचं. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो.

गंमत निमुळत्या गळ्यात आहे. बोंडाचं डोकं गळ्यापेक्षा मोठं, त्यामुळे समोरून ते निसटू शकत नाही. आणि गळा ओढीच्या दिशेला असल्यामुळे मोजा जितका ताणला जाईल तितकं बोंड त्यात रुतत जातं. म्हणजे सुटायला लावणारं बलच बांधून ठेवण्याचं काम करतं. भिंतीवरच्या घड्याळामागे किल्लीच्या भोकासारखी खाच असते, खिळ्याचं डोकं रुंद भागातून आत घालून घड्याळ खाली सोडलं की ते आपल्याच वजनाने अडकतं. तोच हा प्रकार. फक्त घड्याळ भिंतीवर गप्प बसतं, आणि बाई मात्र जिना चढते, ट्रामच्या मागे धावते, दिवसातून पन्नास वेळा बसते-उठते. बसलं की कंबर ते मांडीची मागची बाजू हे अंतर वाढतं आणि मागच्या चापावर ताण येतो. म्हणून फीत रबरी हवी, आणि चाप खाचेत थोडा झुलता हवा. शिवाय मागचा चाप अगदी मागे लावला तर खुर्चीत बसताना तो मांडीत रुततो. म्हणून तो किंचित बाजूला घ्यायचा.

तारेच्या फासावर पेटंटं भरपूर निघाली. वळण इकडे, वळण तिकडे, गळ्याला चिमटा, फासाला उसळी. मला विचाराल तर यांतल्या बऱ्याच जणांनी चुकीच्या तुकड्यावर डोकं चालवलं. या चापात काम करतं ते बोंड. बोंड धातूचं असेल तर धातू आणि धातू यांच्यामध्ये मोज्याचा धागा कातरला जातो, आणि गुळगुळीत असल्याने कापड त्याच्यावरून घसरतंही. बोस्टनच्या जॉर्ज फ्रॉस्ट कंपनीने बोंड रबराचं केलं, त्याला ‘व्हेल्व्हेट ग्रिप’ हे नाव दिलं आणि तेवढ्या एका मऊ गोळीवर मोठा धंदा केला. रबर थोडं दबतं, त्यामुळे ताण एका रेषेवर न येता सगळ्या गोलाईवर पसरतो. आणि रबर घसरू देत नाही. पुरुषांसाठी याच कंपनीचं ‘बोस्टन गार्टर’ होतं, गुडघ्याखाली बांधायचा पट्टा आणि त्याला लोंबणारा एक चाप. तिकडे शिकागोच्या ए. स्टाइन कंपनीने ‘पॅरिस गार्टर’ काढलं आणि आमचा धातू तुमच्या अंगाला लागणारच नाही, अशी जाहिरात चालवली. ही जाहिरात लक्षात ठेवा.

मोजे जसे तलम होत गेले तशी चापाची परीक्षा कठीण झाली. लोकर आणि जाड सुती मोज्यांनी पुष्कळ सोसलं असतं, रेशमाने कमी. नायलॉनचे मोजे अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आले १५ मे १९४० रोजी, आणि दुकानांसमोर रांगा लागल्या. या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात : ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. पंधरा डेनियर म्हणजे पुण्यातल्या स्वारगेटपासून शिवाजीनगरच्या पुढेपर्यंत पसरेल एवढा धागा, आणि वजन दोन-तीन चमचे साखरेचं. असल्या जाळ्याला कुठलाही चाप थेट धरू शकत नाही. म्हणून मोज्याच्या वरच्या कडेला दुमडून जाड, गडद पट्टा विणत. चाप फक्त तिथेच लावायचा. तो पट्टा मोज्याची शोभा नव्हे, चापासाठी ठेवलेली जागा आहे. पुढे लोकांना तोच मोहक वाटू लागला, ती गोष्ट वेगळी.

मग युद्ध आलं. नायलॉन पॅराशूटकडे गेलं, जपानचं रेशीम बंद झालं, आणि १९४२ साली मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर रबराची चणचण झाली. बायका पायांना रंग लावून मोज्यांचा आभास करू लागल्या. युद्ध संपल्यावरही मोज्यांचा दुष्काळ संपला नाही. जून १९४६मध्ये पिट्सबर्गला १३,००० जोड्यांसाठी जवळपास ४०,००० माणसं रांगेत उभी राहिली आणि शेवटी झोंबाझोंबी झाली.

या काळातल्या इंग्लंडमधल्या बायकांच्या आठवणींत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो. चापाची तार कधी मोडत नाही, जातं ते रबरी बोंड. ते चिरतं, जिभेवरून तुटतं, नेमकं रस्त्यात. मग पर्समधून सहा पेन्सचं नाणं काढायचं, मोज्याच्या आतून धरायचं आणि त्यावर फास चढवायचा. नाणं नसेल तर ब्लाउजचं बटण. तेही नसेल तर चोखायची गोळी, अगदी अ‍ॅस्पिरिनसुद्धा. गोळीचं काय, अंगाच्या उबेने ती विरघळेपर्यंत घर गाठायचं! खडा कुठलाही चालतो, हे आमच्या भाजीवाल्याचं शास्त्र तिथे बायकांनी आपापलं शोधून काढलं होतं.

आता त्या जाहिरातीकडे वळू. चापाची तार बहुधा पितळेची, आणि वर निकेलचा मुलामा, कारण निकेल चकाकतं आणि गंजत नाही. पण घामात मीठ असतं, आणि घामाने निकेल अगदी थोडं थोडं सुटतं. वर्षानुवर्षं रोज दहा-बारा तास मांडीच्या त्याच जागी तो धातू टेकत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे मांडीवर चापाच्याच आकाराचे खाजरे, लाल चट्टे घेऊन बायका येऊ लागल्या. लंडनचे सी. डी. कॅलनन यांनी १९५६ साली निकेलच्या त्वचादाहावर निबंध लिहिला. चट्टे मांडीवर थांबत नसत. कोपराच्या आतल्या बाजूला, पापण्यांवरही पुरळ उठे, जिथे धातू कधी पोचलाच नव्हता. एकदा शरीराने निकेलशी वैर धरलं की ते जन्मभराचं. चाप सोडला तरी घड्याळाचं बक्कल नि खोटे कानातले त्रास देतच राहतात.

चाप गेले तेव्हा मांडीवरचे चट्टेही गेले. पण सत्तरच्या दशकात ते बेंबीच्या खाली उगवले, कारण जीन्सचं बटण. मग कान टोचायची लाट आली आणि ते कानाच्या पाळीवर आले. तीस-चाळीस वर्षांत एकाच धातूची खूण अंगावरून अशी हिंडली, आणि तिच्या मुक्कामांवरून फॅशनचा इतिहास लिहिता येतो. १९९०च्या सुमारास डेन्मार्कने निकेलवर बंधन घातलं, १९९४ साली युरोपीय संघाने : कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. आपल्याकडे जत्रेतले कानातले घालून पाळी चिघळली की ‘हिला सोन्याशिवाय चालत नाही’ असं कौतुकाने म्हणतात. ते बहुतेक वेळा निकेलच असतं.

चापाचा शेवट झटपट झाला. १९५९ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्लेन रेव्हन मिल्सने दोन्ही मोजे वर चड्डीलाच जोडून विकायला काढले. साठच्या दशकात स्कर्ट इतके आखूड झाले की मोज्याची वरची कडच दिसू लागली. मग चाप कुठे लपवणार? काही वर्षांत तो रोजच्या कपाटातून गेला आणि नवरीच्या पेटीत किंवा हौशी दुकानात उरला. तिथेही आता बरेचसे प्लास्टिकचे असतात, आणि जाणकार धातूचेच मागतात, कारण प्लास्टिकचा गळा ताणाने फाकतो.

धातूचा चाप मला शेवटी भेटला तो आमच्याच घरी. पलंगावरची चादर सरकू नये म्हणून गादीखालून आडव्या जाणाऱ्या रबरी पट्ट्या मिळतात, त्यांच्या टोकांना हुबेहूब हाच चाप असतो, तारेचा फास नि बोंडासकट. सहा महिन्यांत एकाचं बोंड तुटलं. आईने डब्यातून चिंचोका आणून घातला. तो दोन रात्री टिकला आणि तिसऱ्या रात्री चादरीतून निसटून पलंगाखाली गेला. मग तिने बाबांच्या जुन्या कोटाचं बटण लावलं, कडेला उंचवटा असलेलं. ते गेल्या दिवाळीपासून तसंच आहे.

पुढच्या आठवड्यात : नाडी.